लेप्टिनचं एलायझा किट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न विदर्भातल्या गावाकडच्या मेडिकल, फार्मसी आणि सायन्स कॉलेजांत लेप्टिनवर काम करणारे विद्यार्थी आणि टेक्निशियन नेहमी विचारतात. एलायझा म्हणजे अँटिबॉडी आणि रंग देणारं एन्झाइम वापरून रक्तातला एखादा पदार्थ मोजायची पद्धत. प्रत्येक किटसोबत माहितीपत्रक येतं. इथले आकडे आणि ते पत्रक यांत फरक दिसला तर पत्रकाचंच ऐकायचं.

१. लेप्टिन म्हणजे काय, आणि ते मोजून काय कळतं?

लेप्टिन हे चरबीच्या पेशींतून रक्तात येणारं संप्रेरक. अंगात चरबीचा साठा किती आहे हा निरोप ते मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला देतं. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने त्याचं जनुक शोधलं. प्रथिन लहान आहे: १४६ अमिनो आम्लं, वजन साधारण १६ किलोडाल्टन.

चरबी वाढली की लेप्टिन वाढतं. बीएमआय सारखाच असला तरी बायकांमध्ये ते पुरुषांपेक्षा दोन-तीन पट असतं आणि गरोदरपणात आणखी वाढतं. त्यामुळे लिंग, वय, उंची, वजन, कमरेचा घेर न लिहिता आणलेल्या सॅम्पलचा आकडा आला तरी त्याचा अर्थ लावता येत नाही. नुसत्या बीएमआयवरही आपल्याकडे भागत नाही. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने दाखवून दिलं आहे की भारतीय बाळं वजनाने कमी भरली तरी त्यांच्या अंगात चरबी टिकून असते.

२. किटमध्ये काय काय येतं?

९६ वेलची (खळग्यांची) प्लेट, म्हणजे ८ वेलच्या १२ पट्ट्या. वेलच्या तळाशी लेप्टिन पकडणारी अँटिबॉडी चिकटवलेली असते. त्याशिवाय वाळवलेलं स्टँडर्ड (प्रमाण माहीत असलेलं लेप्टिन), डायल्युएंट (पातळ करायचं द्रावण), दुसरी अँटिबॉडी (बऱ्याच किटमध्ये बायोटिन लावलेली), एचआरपी एन्झाइम लावलेलं स्ट्रेप्टॅव्हिडिन (बायोटिनला घट्ट चिकटणारं प्रथिन), घट्ट वॉश बफर, टीएमबी (रंग देणारं द्रावण) आणि स्टॉप सोल्युशन (आम्ल). लेप्टिन दोन अँटिबॉडींच्या मधे अडकतं, दुसरीवरचं एन्झाइम टीएमबीला निळं करतं, आम्ल घातलं की निळ्याचा पिवळा होतो, आणि तो रंग ४५० नॅनोमीटरला वाचायचा. जितकं लेप्टिन जास्त, तितका पिवळा गडद.

पिपेट, टिपा, शुद्ध पाणी आणि प्लेट रीडर किटमध्ये नसतात. खरेदीचा प्रस्ताव करताना हे हटकून राहून जातं.

३. एका किटमध्ये किती सॅम्पल बसतात? अर्धं आज, अर्धं पुढच्या महिन्यात चालेल का?

स्टँडर्डचे ८ बिंदू (शून्य धरून) दोन-दोन वेलमध्ये, म्हणजे १६ वेल. दोन कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेली सॅम्पल) दोन-दोनदा, म्हणजे ४. उरले ७६, म्हणजे डुप्लिकेटमध्ये (प्रत्येकी दोन वेल) ३८ सॅम्पल. '९६ टेस्टचं किट' ऐकून ९० रुग्णांचा प्रस्ताव लिहिणारे दरवर्षी भेटतात.

प्लेट दोनदा वापरली तर स्टँडर्ड आणि कंट्रोल दोन्ही वेळा लावावे लागतात. ६ पट्ट्यांत ४८ वेल, त्यातले २० गेले, उरली १४ सॅम्पल. दोन वेळचे मिळून २८. म्हणजे १० सॅम्पलची जागा फुकट जाते, शिवाय दोन दिवसांतला फरक पदरी पडतो तो वेगळाच. उरलेल्या पट्ट्या सिलिका जेलच्या पुडीसह त्यांच्याच पाकिटात बंद करून २ ते ८ अंशांवर ठेवायच्या. विरघळवलेलं स्टँडर्ड मात्र बहुतेक किटमध्ये एकदाच वापरायचं असतं. दुसऱ्या वेळेसाठी दुसरी बाटली आहे का, ते किट मागवण्याआधीच बघा.

४. सॅम्पल कधी घ्यायचं? उपाशीपोटी लागतं का?

लेप्टिन दिवसभर सारखं नसतं. मध्यरात्रीच्या आसपास ते सगळ्यात जास्त असतं आणि दिवसा उतरतं. म्हणून अभ्यासातली सगळी सॅम्पल एकाच वेळच्या टप्प्यात घ्या, सकाळी ७ ते ९ बरं पडतं. कापूस वेचणीच्या दिवसांत लोक त्याआधीच वावरात गेलेले असतात. तेव्हा गावात आदल्या संध्याकाळी सांगून ठेवावं लागतं, नाही तर अर्धी सॅम्पल दुपारची निघतात.

एका जेवणाने लेप्टिन फारसं हलत नाही, पण त्याच रक्तातून इन्सुलिन आणि साखरही करायची असते, म्हणून रात्री १० नंतर फक्त पाणी. 'उपास आहे' या उत्तरावर थांबू नका. साबुदाण्याची उसळ, शेंगदाण्याचे लाडू आणि दोन कप चहा झालेला माणूसही उपासच सांगतो. काय खाल्लं-प्यालं आणि किती वाजता, असं विचारा. उलट बाजूही लक्षात ठेवा: एक-दोन दिवस खरोखर अन्न कमी पडलं तर चरबी तेवढीच असूनही लेप्टिन झपाट्याने खाली येतं. नवरात्रात नऊ दिवस कडक उपास धरणाऱ्यांची सॅम्पल त्या काळात घेऊच नयेत. घेतलीच तर वेगळी खूण करून ठेवा.

५. सीरम घ्यायचं की प्लाझ्मा?

दोन्ही चालतं, पण एका अभ्यासात एकच. साध्या लाल झाकणाच्या ट्यूबमधलं सीरम सगळ्यात बिनतक्रार. प्लाझ्मा घ्यायचा असेल तर कोणतं अँटिकोॲग्युलंट (रक्त न गोठू देणारं द्रव्य) चालतं ते पत्रकात पाहा.

६. धारणी, भामरागडसारख्या ठिकाणाहून सॅम्पल लॅबपर्यंत कसं आणायचं?

रक्त नाही, सीरम आणा. सगळी गोम इथेच आहे. ट्यूब उभी ठेवून ३० मिनिटं रक्त गोठू द्या आणि जवळच्या आरोग्य केंद्रातल्या सेंट्रिफ्यूजवर १००० जी ने १५ मिनिटं फिरवा. त्या छोट्या मशीनवर 'जी' लिहिलेलं नसतं, फेरे लिहिलेले असतात. मधल्या दांड्यापासून ट्यूबच्या टोकापर्यंत १० सेंटिमीटर भरत असेल तर मिनिटाला ३००० फेरे म्हणजे जवळपास १००० जी.

वरचं सीरम खालच्या थराला धक्का न लावता काढा आणि २५०-२५० मायक्रोलिटरचे तीन भाग वेगवेगळ्या क्रायो ट्यूबमध्ये भरा. एक लेप्टिनला, एक बाकीच्या तपासण्यांना, एक राखीव. नाव क्रायो मार्करने लिहा. बॉलपेनची शाई बर्फाच्या पाण्यात जाते, आणि नंतर बारा ट्यूबांपैकी कोणती कोणाची हे कोणीच सांगू शकत नाही.

थर्माकोलच्या डब्यात आइस पॅक, त्यावर कागद किंवा कापड, मग ट्यूब. त्याच दिवशी लॅबला पोचत असेल तर एवढं पुरतं. सीरम न काढलेलं पूर्ण रक्त न्यावंच लागलं तर ते फ्रीझरमधून काढलेल्या पॅकला चिकटवू नका, लाल पेशी फुटतात (मग प्रश्न १३). लसीचा कॅरिअर मागू नका, तो लसीसाठीच असतो. तसाच एक अभ्यासाच्या पैशातून घ्या. पार्सल एसटीने पाठवणार असाल तर सकाळच्या गाडीने पाठवा, आणि उतरवून घ्यायला स्टँडवर माणूस उभा करा. मे महिन्यात डबा दुपारभर पार्सल ऑफिसात पडला की आतल्या बर्फाचं पाणी झालेलं असतं.

७. लाइन जाते. फ्रीझरमधली सॅम्पल आणि किट यांचं काय करावं?

दोन्ही वेगळे विषय आहेत. सॅम्पल उणे २० वर काही महिने ठीक राहतात, वर्षभर किंवा जास्त ठेवायची तर उणे ८० हवं. घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीजचा वरचा कप्पा नको: बर्फ वितळवण्यासाठी तो स्वतःच थोड्या थोड्या वेळाने गरम होतो. साधा डीप फ्रीझर घ्या, रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून भरा, आणि लाइन गेली की झाकण उघडू नका. भरलेला फ्रीझर बराच वेळ तग धरतो.

सुट्टीत लाइन जाऊन आतलं वितळलं का हे कळत नसेल तर वाटीत पाणी गोठवा, वर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि वाटी सॅम्पलच्या शेजारी ठेवून द्या. सोमवारी नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं तर शनिवार-रविवारी आतलं सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे. सॅम्पल फेकू नका, पण नोंद करा आणि पुन्हा वितळवणं टाळा.

किट कधीच गोठवायचं नाही. त्याची जागा २ ते ८ अंश, आणि फ्रीजच्या मागच्या भिंतीला चिकटून तर नाहीच, तिथे बाटल्या गोठतात. गोठलेलं एचआरपी पुन्हा पातळ झालं की दिसायला नेहमीसारखं असतं. फक्त रंग येत नाही.

८. पत्रकात 'रूम टेम्परेचर' लिहिलं आहे. आमच्या खोलीत मे महिन्यात ४० असतं. मग?

मग ते रूम टेम्परेचर नाही. किटवाल्यांना १८ ते २५ अंश अभिप्रेत असतं. ३५ च्या वर टीएमबी इतक्या वेगाने रंगतं की वरचे दोन-तीन स्टँडर्ड रीडरच्या मर्यादेबाहेर जातात, स्टँडर्डवरून काढलेला कर्व्ह (आलेख) वरून चपटा होतो, आणि कडेचे वेल मधल्यांपेक्षा आधी सुकतात.

एसी खोली असेल तर २४ वर लावून तासभर आधी सुरू करा. नसेल तर कॉलेजच्या बॉटनी किंवा मायक्रोबायोलॉजी विभागात बीओडी इन्क्युबेटर असतोच. त्याला थंड करण्याचीही सोय असते, म्हणून २५ वर लावून प्लेट त्यात ठेवता येते. इतक्या वर्षांत यापेक्षा स्वस्त उपाय आम्हाला दिसलेला नाही. पिपेटिंग पहाटे करा. नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) प्लेट लावण्याचा हट्ट नको, जुलैपर्यंत सॅम्पल कुठे पळत नाहीत.

कूलर हा एसी नव्हे. त्याचा झोत उघड्या प्लेटवर आला की एका बाजूचे वेल आधी आटतात, आणि त्याची दमट हवा पट्ट्यांच्या पाकिटात शिरते. काम चालू असताना कूलर बंद. फ्रीजमधून काढलेलं पाकीट लगेच फोडायचं नाही, बाहेर अर्धा तास राहू द्या, नाही तर आत दव धरतं.

९. पाणी कोणतं? बोअरचं गाळून, आरओचं, की इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकतात ते?

ताजं डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइज्ड, लॅबच्या यंत्रातलं. बॅटरीचं पाणी किती दिवस कॅनमध्ये पडून आहे आणि त्यात काय वाढलं आहे हे कोणाला माहीत नसतं. बोअरचं पाणी जड, क्षारांचं. त्याने वॉशिंग दर वेळी सारखं होत नाही.

२५ पट घट्ट वॉश बफर असेल तर २० मिलीलिटरमध्ये ४८० मिलीलिटर पाणी. थंडीत बाटलीच्या तळाशी खडे जमतात. तो दोष नाही. ३७ अंशांच्या पाण्यात बाटली धरून सगळे खडे विरघळवा आणि मगच मापा. तसंच वरचं पाणी ओतून घेतलं तर बफर फिका होतो. कुठल्याही बफरमध्ये टिकावं म्हणून सोडियम अझाइड घालू नका, ते एचआरपीला मारतं.

१०. सॅम्पल किती पट पातळ करायचं?

हा प्रश्न विदर्भातल्या अभ्यासात सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि सगळ्यात कमी विचारला जातो. समजा, तुमच्या किटचे स्टँडर्ड १५.६ ते १००० पिकोग्रॅम प्रति मिलीलिटर आहेत आणि पत्रकात १०० पट पातळ करा असं आहे. मग मोजता येणारा पट्टा १.५६ ते १०० नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटर झाला. शहरातल्या लठ्ठपणाच्या ओपीडीला हा छान आहे. पण शेतमजुरी करणारा, १७-१८ बीएमआयचा पुरुष १ नॅनोग्रॅमच्याही खाली असू शकतो. त्याचा वेल ब्लँकसारखा (लेप्टिन नसलेल्या वेलसारखा) दिसतो आणि विद्यार्थी किटला दोष देतो.

अशा गटासाठी २० पट पातळ करून पाहा: पट्टा ०.३१ ते २० नॅनोग्रॅम होतो. पण आधी पाच-सहा सॅम्पल दोन्ही तऱ्हेने लावा. २० पटीचं आणि १०० पटीचं उत्तर गुणून जवळपास सारखं आलं तर ठीक. २० पटीचं सतत कमी येत असेल तर सीरममधलंच काहीतरी आड येतंय, आणि तुमच्या किटसाठी ५० पट हा मध्य शोधावा लागेल.

१०० पट करताना १ मायक्रोलिटर उचलायच्या भानगडीत पडू नका. २० मायक्रोलिटर सॅम्पल आणि १८० डायल्युएंट, नीट ढवळून त्यातले २० पुन्हा १८० मध्ये. दर वेळी नवी टिप.

११. प्लेट लावताना नेमकं कुठे चुकतं?

क्रम पत्रकात असतो, तो इथे परत देत नाही. बिघडतं ते बहुधा चार जागी.

वाळवलेलं स्टँडर्ड पाणी घातल्या घातल्या वापरतात. त्याला १५ मिनिटं हलकेच हलवत राहू द्या, फेस न काढता. नंतर ५०० मायक्रोलिटर पुढच्या ५०० मध्ये, असं निम्मं-निम्मं करत जा, आणि प्रत्येक वेळी टिप बदला. जुनीच टिप राहिली की खालचे स्टँडर्ड वर सरकतात आणि कर्व्हचा पाय उचलला जातो.

दुसरं वॉशिंग. दर वेलला ३०० ते ३५० मायक्रोलिटर, पत्रकात सांगितलं तितक्या वेळा, आणि शेवटी प्लेट पालथी करून टिश्यू पेपरच्या जाड थरावर जोरात आपटायची. वेलमध्ये थेंब राहिला की पुढचं द्रावण पातळ होतं. आपटायला घाबरू नका, पट्ट्या चौकटीत घट्ट असल्या की निघत नाहीत. मात्र धुतलेली प्लेट कोरडी ठेवून चहाला जायचं नाही.

तिसरं, वेळ. एका चॅनेलच्या पिपेटने ९६ वेल भरायला सहज १० मिनिटं लागतात. पहिल्या आणि शेवटच्या वेलला सारखा वेळ मिळावा म्हणून टीएमबी ज्या क्रमाने घातलं त्याच क्रमाने, त्याच गतीने स्टॉप घाला. आठ चॅनेलची पिपेट मागून आणता आली तर आणाच.

चौथं, वाचन. रीडर २० मिनिटं आधी सुरू करा आणि यूपीएसवर ठेवा. इन्क्युबेशनच्या (प्लेट ठरलेला वेळ ठेवण्याच्या) मधे लाइन गेली तर फार बिघडत नाही, सगळ्या प्लेटला सारखंच सोसावं लागतं. स्टॉप घातल्यावर गेली तर पिवळा रंग टिकत नाही, अर्ध्या तासात वाचन झालं पाहिजे. ४५० मधून ५७० किंवा ६३० चं वाचन वजा करा, प्लेटवरच्या ओरखड्यांचा आणि बोटांच्या ठशांचा हिशेब त्यात जातो.

१२. सगळी प्लेट पिवळी झाली, किंवा कुठेच रंग नाही. काय बिघडलं?

सगळीकडे सारखा गडद: वॉशिंग कमी, एचआरपी जास्त घट्ट झालं, किंवा टीएमबीच्या ट्रेला आधीच्या एचआरपीचा हात लागला. टीएमबी वेलमध्ये जाण्याआधीच निळसर दिसत असेल तर ओतून टाका.

कुठेच नाही, स्टँडर्डलाही नाही: एखादी पायरी राहिली, एचआरपी गोठलं होतं, किंवा बफरमध्ये अझाइड. स्टँडर्डला आहे पण सॅम्पलला नाही: आधी प्रश्न १० पाहा, मग सॅम्पलचा इतिहास.

फक्त कडेचे वेल वेगळे: प्रश्न ८. एकाच सॅम्पलचे दोन वेल जुळत नाहीत: बुडबुडा, पिपेटिंग किंवा वितळलेलं सीरम न ढवळता उचललेलं. दोघांतला सीव्ही (प्रमाण विचलन भागिले सरासरी) १५ टक्क्यांच्या वर गेला तर ते सॅम्पल परत लावा. 'चांगला' वाटणारा एक आकडा निवडून ठेवायचा नाही.

१३. सीरम लालसर आहे. सिकलसेलच्या रुग्णांचं तर बरेचदा असतं. घ्यायचं की नाही?

एरवी लालसर सीरम म्हणजे रक्त काढताना किंवा आणताना पेशी फुटल्या. परत रक्त घ्या. हिमोग्लोबिन स्वतःच पेरॉक्सिडेजसारखं वागतं, आणि वॉशिंग कच्चं असेल तर खोटा रंग देतं. त्याच सीरममधून इन्सुलिन करणार असाल तर धोका जास्त, कारण लाल पेशींतलं एन्झाइम इन्सुलिन तोडतं.

सिकलसेलमध्ये पेशी अंगातच फुटत असतात, दहादा सुई टोचली तरी रंग तोच राहू शकतो. अशा रुग्णाला परत परत बोलावू नका. रंगाची पातळी लिहून ठेवा. त्या गटातल्या चार-पाच सीरममध्ये माहीत असलेलं स्टँडर्ड घालून किती परत मिळतं ते पाहा. ८० ते १२० टक्के आलं तर सॅम्पल वापरण्याजोगी आहेत. तुलनेचा गट बिनसिकलचा असेल तर ही तपासणी दोन्ही गटांत करावी, परीक्षक हेच विचारतात.

दुधाळ सीरम बहुधा उपाशी नसलेल्याचं असतं: प्रश्न ४.

१४. एक्सेलमध्ये सरळ रेघ काढली, आर-वर्ग ०.९८ आला. चालेल?

नाही. या कर्व्हचा आकार इंग्रजी 'एस'सारखा असतो, त्याला फोर-पॅरामीटर लॉजिस्टिक (असा वळणदार आलेख बसवायचं सूत्र) बसवा. रीडरच्या सॉफ्टवेअरमध्ये असतो, नाही तर एक्सेलच्या सॉल्व्हरने होतो. आर-वर्गापेक्षा (रेघ बिंदूंना किती जुळते तो आकडा) खरी परीक्षा ही: प्रत्येक स्टँडर्डचं उत्तर त्याच कर्व्हवरून काढा आणि ते मूळ आकड्याच्या ८० ते १२० टक्क्यांत आहे का पाहा. सरळ रेघेत खालचे बिंदू इथेच उघडे पडतात, आणि आपली बारीक माणसं नेमकी तिथेच असतात.

वरच्या स्टँडर्डच्या पलीकडचं उत्तर रेघ लांबवून काढू नका, जास्त पातळ करून परत लावा. खालच्याच्या आतलं उत्तर शून्य लिहू नका, '०.३१ पेक्षा कमी' असं लिहा (प्रश्न १० मधला २० पटीचा पट्टा धरून). शेवटी पातळ केल्याच्या पटीने गुणायला विसरू नका. १०० पट चुकलेले तक्ते प्रबंधात छापून गेलेले आहेत.

१५. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्याचं सॅम्पल चालतं का? संधिवाताच्या रुग्णाचं?

किट बायोटिन-स्ट्रेप्टॅव्हिडिनवर असेल तर रक्तातलं जास्तीचं बायोटिन मधेच जागा अडवू शकतं आणि लेप्टिन खोटं कमी दिसू शकतं. गोळी बंद करून निदान दोन दिवसांनी सॅम्पल घ्या. डोस मोठा असेल तर आणखी थांबा.

संधिवातात उलट होऊ शकतं: रुमॅटॉइड फॅक्टर दोन अँटिबॉडींना लेप्टिनशिवायच जोडतो आणि खोटं जास्त येतं. शंका असेल तर सॅम्पल दुप्पट पातळ करा. खरं लेप्टिन निम्मं होतं, खोटं तसं हिशेबात उतरत नाही.

१६. हेच किट उंदरांना, शेळीला किंवा गवळाऊ गाईला वापरता येईल?

माणसाचं किट माणसालाच. विस्टार रॅटसाठी रॅटचंच किट घ्या, माऊसचंही नको. रॅटमध्ये एका रात्रीच्या उपाशी राहण्यानेही लेप्टिन बरंच उतरतं, म्हणून सगळे गट एकतर उपाशी किंवा सगळे खाऊन, आणि प्रबंधात तसं स्पष्ट. गाय, म्हैस, शेळीसाठी त्या प्राण्यावर तपासलेलं किट मागा. 'सगळ्या प्राण्यांना चालतं' असं विक्रेता म्हणत असेल तर त्या प्राण्याच्या सीरममधली रिकव्हरी (घातलेलं किती परत मिळतं) कागदावर मागायची.

१७. दोन कंपन्यांच्या किटचे आकडे जुळत नाहीत. खरं कोणाचं?

दोन्ही आपापल्या जागी खरे असू शकतात. अँटिबॉडी वेगळी, स्टँडर्ड वेगळं, रक्तात रिसेप्टरला (लेप्टिन धरणाऱ्या प्रथिनाला) चिकटलेलं लेप्टिन किती धरलं जातं तेही वेगळं. म्हणून अभ्यास एकाच कंपनीच्या, शक्यतो एकाच लॉटच्या (एकदम बनलेल्या साठ्याच्या) किटवर पुरा करा. लॉट बदललाच तर आधीच्या प्लेटवरची काही सॅम्पल नव्या प्लेटवर पुन्हा लावा. प्रत्येक प्लेटवर दोन्ही गटांची सॅम्पल मिसळून ठेवा. रुग्ण एका प्लेटवर आणि निरोगी दुसरीवर लावले, तर दिसलेला फरक आजाराचा की प्लेटचा, हे नंतर कोणीच सांगू शकत नाही.

१८. रुग्ण रिपोर्ट मागतो. द्यायचा का?

'फक्त संशोधनासाठी' लिहिलेल्या किटचा आकडा उपचारासाठी द्यायचा नाही. संमतीपत्रातच हे साध्या मराठीत लिहा. वजन कमी करण्यासाठी लेप्टिन तपासा म्हणणाऱ्यांना सांगा की लठ्ठ माणसात ते बहुधा जास्तच असतं आणि त्यावरून औषध ठरत नाही. अपवाद एक: जन्मानंतर काही महिन्यांतच बाळाचं वजन बेसुमार वाढतंय आणि भूक आवरत नाही. जन्मजात लेप्टिन नसलेली मुलं फार विरळा, १९९७ मध्ये पहिल्यांदा नोंदली गेली, पण त्यांना उपचार आहे. अशा बाळाला एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे पाठवा, तपासणी मान्यताप्राप्त लॅबमध्ये होऊ द्या.

१९. किटची तारीख दोन महिन्यांपूर्वी गेली. फेकायचं?

प्रबंधाच्या सॅम्पलवर वापरू नका. नव्या विद्यार्थ्यांना पिपेटिंग शिकवायला ते उत्तम आहे.

२०. वापरलेली प्लेट आणि उरलेलं द्रावण कुठे टाकायचं?

उरलेलं सीरम १ टक्का हायपोक्लोराइटमध्ये अर्धा तास, सुया पांढऱ्या डब्यात, टिपा आणि प्लेटा लाल पिशवीत, २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे. स्टॉप सोल्युशन म्हणजे आम्ल आहे. टीएमबी-आम्लाची प्लेट हायपोक्लोराइटच्या बादलीत थेट उलटी केली तर क्लोरीन वायू निघतो, बंद खोलीत तो घशाला लागतो. आधी प्लेटमधलं आम्ल वेगळ्या बाटलीत काढून खाण्याच्या सोड्याने फेस थांबेपर्यंत शांत करा, आणि मगच प्लेट पुढे जाऊ द्या.